घरबसल्या पालक-प्रशिक्षण: पैसे कशाला मोजावेत, कशाला नाही

‘मले सांगा ताई, फोनवरून लेकरू कसं सुधरन जी?’

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीतल्या एका आईचा हा प्रश्न. मुलगा चार वर्षांचा. मोबाईल काढून घेतला की जमिनीवर अंग टाकतो, डोकं आपटतो, उचलायला गेलेल्या आजीला चावतो. कोणीतरी तिला व्हॉट्सअ‍ॅपवर एक जाहिरात पाठवली होती: घरबसल्या पालक-प्रशिक्षण, बारा आठवडे, 18 हजार रुपये, हप्त्यांची सोय. नवरा एमआयडीसीत कामाला, घरात एकच पगार. 18 हजार भरावेत की नाही, एवढंच तिला विचारायचं होतं.

तिला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहिते. सांगण्याचा अधिकार एवढाच, की 2020 च्या टाळेबंदीत माझा धाकटा पाच वर्षांचा होता आणि आमच्या घरातही रोज संध्याकाळी हेच चाललेलं असायचं. तेव्हा मी आधी साडेनऊ हजार रुपये भरून व्हिडिओंचा एक कोर्स घेतला. चाळीस व्हिडिओ होते, बघून झाले, घरात काही बदललं नाही. नंतर नागपूरच्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंशी दर आठवड्याला फोनवर बोलणं सुरू झालं. दहा सत्रं झाली आणि घर बदललं. दोन्हीकडे माहिती जवळपास सारखीच होती. फरक पडला तो दर आठवड्याला ‘मग, या आठवड्यात काय केलंत?’ असं विचारणाऱ्या माणसामुळे. पैसे मोजायचे ते या माणसाच्या वेळेचे. माहिती फुकट मिळते.

प्रशिक्षण नेमकं कोणाचं आणि कशाचं?

प्रशिक्षण आई-बाबांचं असतं, मुलाचं नाही. तज्ज्ञ मुलाला आठवड्यात फार तर तासभर भेटणार, उरलेला सगळा वेळ मूल आपल्याजवळ. शिवाय दवाखान्यात मूल अनेकदा शहाण्यासारखं बसतं. भांडण होतं ते घरी, संध्याकाळी सातला, कुकरच्या शिट्ट्या सुरू असताना. म्हणून हे काम फोनवरून होऊ शकतं, आणि कित्येकदा दवाखान्यापेक्षा बरं होतं.

अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी घराघरांतल्या आई-बाप आणि मुलांचं वागणं वर्षानुवर्षं टिपलं. त्यांना दिसलेलं चक्र आपल्याही ओळखीचं आहे. मूल किंचाळतं. आई थकून मोबाईल देते. मूल गप्प होतं, आईलाही सुटल्यासारखं वाटतं. दोघांनाही त्या क्षणी फायदा झालेला असतो, म्हणून दोघंही उद्या तेच करतात. मूल शिकतं की किंचाळल्यावर मिळतं, आणि आई शिकते की दिल्यावर शांतता होते. यात कोणी वाईट नसतं. हे चक्र उलटं कसं फिरवायचं, त्याचा सराव म्हणजे पालक-प्रशिक्षण.

सराव साधारण असा चालतो. पहिल्या आठवड्यात फक्त वही: वागण्याच्या आधी काय झालं, मुलानं काय केलं, त्यानंतर आपण काय केलं. मग रोज दहा-पंधरा मिनिटं मुलाबरोबर त्याच्या मर्जीचा खेळ. त्या वेळात हुकूम द्यायचा नाही, प्रश्नांची सरबत्ती करायची नाही, शिकवायचंही नाही. ते करतंय त्याकडे नुसतं लक्ष द्यायचं आणि तसं बोलून दाखवायचं. पुढं नेमकं कौतुक: ‘शहाणा बाळ’ एवढ्यानं भागत नाही, ‘मी सांगितल्यावर लगेच चपला जागेवर ठेवल्यास’ असं. मग एका वेळी एकच सूचना, जवळ जाऊन, हळू आवाजात. किरकोळ रडारडीकडे दुर्लक्ष. मोबाईल बंद करायच्या पाच मिनिटं आधी पूर्वसूचना. चांगल्या वागण्याचा तक्ता; आमच्याकडे तान्हा पोळा जवळ आला होता, तर लाकडी नंदीच्या सजावटीची एकेक वस्तू हे बक्षीस ठरलं होतं. आणि सगळ्यात शेवटी शांतपणे द्यायचा परिणाम, म्हणजे मारलं किंवा चावलं की तीन-चार मिनिटं सगळ्यांपासून बाजूला बसणं. मारणं, कोंडणं, उपाशी ठेवणं, भीती घालणं या प्रशिक्षणात कुठंच नाही. शिकवणारा ते सुचवत असेल तर तिथंच फोन ठेवावा.

फोनवरून हे जमतं याचा चांगला पुरावा फिनलंडमधून आला. तुर्कू विद्यापीठाचे आंद्रे सोरांदर आणि सहकाऱ्यांनी त्रासदायक वागणाऱ्या चार वर्षांच्या मुलांचे 464 पालक घेतले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट केले. एका गटाला अकरा आठवडे संकेतस्थळावरचे धडे आणि दर आठवड्याला पाऊण तास फोन. दुसऱ्या गटाला संकेतस्थळावरची माहिती आणि एकच फोन. 2016 मध्ये ‘जामा सायकियाट्री’त निकाल आला: वर्षभरानंतरही पहिल्या गटातल्या मुलांचं वागणं दुसऱ्या गटापेक्षा जास्त सुधारलेलं होतं. या पद्धतीचं मूळ कॅनडातल्या ‘स्ट्राँगेस्ट फॅमिलीज’ या दूरध्वनी-सेवेत आहे. माहिती दोन्ही गटांना मिळाली होती. साप्ताहिक फोन एकाच गटाला होता. जाहिरातीतला बारा आठवड्यांचा कोर्स यातल्या कोणत्या गटासारखा आहे, हे आधी तपासावं.

आपल्या भागातही याच्या जवळपासचं काम झालंय. गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेनं ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांना शिकवण्याची एक पद्धत गोवा आणि रावळपिंडी इथं 65 मुलांच्या कुटुंबांत तपासली. ती 2016 मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापून आली. शिकवणारे मोठे तज्ज्ञ नव्हते, तयार केलेले कार्यकर्ते होते. पालक-मुलाच्या खेळाचं चित्रण करायचं आणि पालकांबरोबर बसून ते बघायचं, हा त्यातला गाभा. ते काम घरी जाऊन केलेलं होतं आणि विषय हट्टाचा नसून संवादाचा होता. पण चित्रणाची युक्ती आपल्याही कामाची आहे. शेजारी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेनं युनिसेफ आणि एकात्मिक बालविकास सेवा योजनेबरोबर ‘आरंभ’ हा उपक्रम उभा केला. त्यात अंगणवाडी सेविका पालक मेळावे घेऊन लहानग्यांशी खेळायचं-बोलायचं कसं ते करून दाखवतात. तुमच्या अंगणवाडीत पालकांचा मेळावा असेल तर जाऊन या. पैसे लागत नाहीत.

आधी तपासणी, मग प्रशिक्षण

मूल ऐकत नाही याचं कारण ते ऐकू शकत नाही, असंही असतं. बोलणं उशिरा आलेलं मूल चावतं, कारण सांगायला शब्द नसतात. झोप अपुरी, रक्त कमी, फिट्स, ऑटिझम, अतिचंचलता, शाळेत कोणी मारतंय, यातलं काहीही हट्टाच्या रूपात दिसू शकतं. म्हणून पहिला खर्च प्रत्यक्ष तपासणीवर करा. तो फोनवर भागवू नका.

सिंदी मेघेकर या बाबतीत नशीबवान. सावंगीचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय ही दोन वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं हाकेच्या अंतरावर, वर्ध्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय त्याहून जवळ. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार नि:शुल्क आहेत. सावंगी आणि सेवाग्राम संस्थांची रुग्णालयं असल्यानं त्यांचे दर वेगळे. ते नोंदणीच्या खिडकीवर आधी विचारून घ्या. आधी बालरोग विभाग, तिथून गरज असेल तर मानसोपचार, कान-नाक-घसा. अंगणवाडीत आणि शाळेत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथकही मुलाला पाहून पुढं पाठवू शकतं. तेही फुकट.

खासगीत मानसशास्त्रीय चाचण्यांना माझ्या पाहण्यात दीड हजारापासून पाच हजारांपर्यंत घेतात. घेऊ द्या, पण विचारा: कोणती चाचणी, कशासाठी, आणि लेखी अहवाल मिळणार का? प्रत्येक हट्टी मुलाला बुद्ध्यांकाची चाचणी लागत नाही. चार वर्षांच्या मुलाची ती घरबसल्या व्हिडिओवर करून देतो म्हणणाऱ्याकडे तर जाऊच नये.

औषधाबद्दल एक गोष्ट ठाऊक असू द्या. अतिचंचलतेसाठी दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट हे औषध आपल्याकडे ‘शेड्यूल एक्स’मध्ये येतं. केंद्राच्या मार्च 2020 च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशी औषधं फोन किंवा व्हिडिओवरून लिहून देता येत नाहीत. ‘ऑनलाइन सल्ला आणि गोळ्याही’ असं पॅकेज कोणी देऊ लागलं तर ही गोष्ट आठवा. आणि सहा वर्षांखालच्या मुलांत अतिचंचलता असेल तर आधी पालक-प्रशिक्षण, औषध नंतर, ही अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ संघटनेची शिफारस आहे. घाईनं गोळीकडे जायचं कारण नाही. गरज असताना गोळीला घाबरायचंही कारण नाही.

फुकट काय मिळतं

टेलिमानस: 14416. 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची ही सेवा चोवीस तास, मराठीतही, नि:शुल्क आहे. हा नंबर फक्त आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठी, असा समज आहे, तसं नाही. मुलाच्या वागण्यानं थकलेली आईही फोन करू शकते. आधी समुपदेशक बोलतात, गरज पडली तर वरच्या तज्ज्ञाकडे जोडतात. मर्यादा ही, की दर वेळी तोच माणूस मिळेलच असं नाही. त्यामुळं ‘मागच्या आठवड्यात काय केलंत’ हे विचारणारं कोणी राहत नाही. रात्री अकरा वाजता रडू आवरत नसेल तेव्हा मात्र तो फोन पाऊण तासाच्या सत्राहून मोलाचा. सरकारच्याच ‘ई-संजीवनी’वर डॉक्टरांचा सल्ला फुकट मिळतो, कुठं जावं हे कळायला तो पुरतो.

मूल दोन ते नऊ वर्षांचं असेल आणि वाढीत मागे असेल किंवा ऑटिझम असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेचं काळजीवाहकांसाठीचं प्रशिक्षण आहे. मुळात ते नऊ गटसत्रं आणि तीन गृहभेटींचं. 2022 पासून त्याचे ऑनलाइन धडेही फुकट आहेत. इंग्रजी जमत असेल त्यानं ते जरूर करावं. घरात कॉलेजला जाणारी पुतणी-भाची असेल तर तिला बरोबर बसवा, एकेक धडा ती मराठीत सांगेल.

18 हजारांच्या कोर्समधल्या व्हिडिओंत जे असतं ते बरंचसं इथं आलं. म्हणूनच मी म्हणते, की व्हिडिओंना पैसे देऊ नका.

फी किती, हिशोब कसा

माझ्या पाहण्यातले आकडे सांगते. तुम्ही विचाराल त्या दिवशी थोडे वर-खाली असतील. नागपूर-अमरावतीकडच्या मानसशास्त्रज्ञांचं ऑनलाइन सत्र, पाऊण तासाचं, 600 ते 1,200 रुपये. पुण्या-मुंबईचे 1,200 पासून 2,500 पर्यंत, नावाजलेले त्याहून जास्त. पाच-सहा पालकांचा गट असेल तर माणशी 200 ते 500. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांची पहिली भेट 500 ते 1,500, नंतरच्या भेटी कमी.

दहा सत्रं, दर सत्राला 900 रुपये धरले तर 9,000. सुरुवातीच्या तपासणीचे 1,000. तीन आणि सहा महिन्यांनी एकेक आठवणीचं सत्र, त्याचे 1,800. एकूण 11,800. हीच दहा सत्रं नागपूरला जाऊन केली तर? वर्ध्याहून नागपूर सुमारे पाऊणशे किलोमीटर. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, तरी मुलासह जाणं-येणं, रिक्षा, खाणं धरून एका फेरीला 500 च्या खाली भागत नाही. नवरा सोबत आला तर त्याची मजुरी बुडते. ती 500 धरली तर फेरीचे हजार, दहा फेऱ्यांचे दहा हजार, फी वेगळी. शिवाय जाता-येता बसमध्ये तीन तास बसून चिडलेलं मूल. फोनमुळं वाचतात ते हे दहा हजार. फी तेवढीच राहते. ‘ऑनलाइन आहे म्हणजे स्वस्त असणार’ ही अपेक्षा ठेवू नका, आणि ‘ऑनलाइन आहे म्हणून विशेष दर’ असं सांगून जास्त घेणाऱ्यालाही देऊ नका.

दहा सत्रं परवडत नसतील तर सहा करा, पण अशी: पहिली तीन दर आठवड्याला, पुढची तीन पंधरा दिवसांनी. मधल्या आठवड्यांत वही आणि पाच मिनिटांचं चित्रण पाठवायची परवानगी आधीच मागून घ्या. 800 च्या दरानं 4,800 रुपये होतात. गल्लीतल्या त्या आईला मी हेच सुचवलं. सरकारी रुग्णालयात तपासणी आधी, मग ही सहा सत्रं, आणि अडल्यावेळी 14416. अठराचे पाच हजार झाले.

फोन आणि डेटाचा खर्च किरकोळ. पाऊण तासाच्या व्हिडिओ कॉलला साधारण अर्धा ते एक जीबी जातो. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये बसतं. दोनशे रुपयांचा स्टँड मात्र घ्या. फोन मुलाच्या हातात न देता मूल आणि आई दोघं दिसतील असा ठेवता आला पाहिजे. आणि मोबाईलवरून भांडणारं मूल असेल तर सत्राच्या वेळी फोन त्याच्या डोळ्यांसमोर नाचवणं शहाणपणाचं नाही. अशी सत्रं मूल अंगणवाडीत असताना, नुसत्या आवाजाच्या कॉलवर घ्यावीत. फिनलंडमध्येही पालकांना शिकवणारा माणूस फोनवरचा आवाजच होता.

पैसे भरण्यापूर्वी

‘पेरेंटिंग कोच’ म्हणवून घ्यायला कुठलाही परवाना लागत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते आणि नोंदणी क्रमांकावरून ती ऑनलाइन पाहता येते. डॉक्टर असतील तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा क्रमांक. क्रमांक विचारल्यावर चांगला माणूस रागावत नाही, तिथेच सांगतो. आमच्या बाईंनी पहिल्याच संदेशात पाठवला होता.

मग विचारा: दर आठवड्याला माझ्याशी कोण बोलणार, तुम्ही की तुमची सहायक? सगळी सत्रं तीच व्यक्ती घेणार का? वहीतल्या नोंदी वाचणार का? चौथ्या आठवड्यात काहीच फरक नसेल तर तुम्ही काय बदलाल? मराठीत बोलाल का? हा शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. इंग्रजीमिश्रित पुस्तकी भाषेत सगळं पटतं आणि रात्री स्वयंपाकघरात त्यातलं एकही वाक्य तोंडात येत नाही. ‘बेटा, आय नो यू आर अँग्री’ असं आपल्या घरात म्हणता येत नाही. ‘राग आला ना तुले? मी बसते इथंच’ हे म्हणता येतं. वाक्यं आपल्या बोलीत बसवून देणारी व्यक्ती दोनशे रुपये जास्त मागत असेल तरी तिच्याकडे जा.

सगळे पैसे आधी भरू नका. एक सत्र, मग तीन, मग पुढचं. ‘आजच भरले तर सूट’ म्हणजे तुम्हाला विचार करायला वेळ मिळू नये एवढीच सोय. हप्त्यांची योजना नीट वाचा: बरेचदा ते तुमच्या नावावरचं कर्ज असतं, आणि कोर्स सोडला तरी हप्ता चालू राहतो. आमचे साडेनऊ हजार असेच एका दमात गेले. परत मागितले तेव्हा पहिला व्हिडिओ उघडल्यावर पैसे परत मिळत नाहीत असं उत्तर आलं. ‘21 दिवसांत हट्ट बंद’ अशी हमी देणारा या विषयात नवखा आहे किंवा खोटं बोलतोय. पावती घ्या. दूरवैद्यकाच्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी फीची पावती द्यायची असते. नोंदणीकृत व्यावसायिकाच्या आरोग्यसेवेवर जीएसटी नाही, पण ‘कोर्स’ म्हणून विकलेल्या गोष्टीवर 18 टक्के लागू शकतो. बिलात तो वेगळा दाखवला असेल तर आपण उपचार घेतोय की कोर्स, हे तिथंच कळतं. मुलाचं चित्रण ते कुठं ठेवतात आणि कधी पुसतात हेही लेखी घ्या. आपल्या लेकराचं रडणं कोणाच्या जाहिरातीत जाता कामा नये.

पत्ता देताना ‘सिंदी (मेघे), ता. जि. वर्धा’ असा पूर्ण द्या. बाहेरच्यांना सिंदी म्हटलं की सेलू तालुक्यातलं सिंदी रेल्वे वाटतं. दूर बसलेल्या तज्ज्ञाकडे तुमचा खरा पत्ता, जवळच्या रुग्णालयाचं नाव आणि घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाचा नंबर असलाच पाहिजे. वेळ आली तर त्यांना कोणाला तरी तुमच्या दारात पाठवता यायला हवं.

बिलात न दिसणारा खर्च

रोजची पंधरा मिनिटं. बारा आठवड्यांचे एकवीस तास होतात. दोन घरची कामं करणाऱ्या किंवा वावरात जाणाऱ्या बाईसाठी हे एकवीस तास 9,000 रुपयांपेक्षा महाग आहेत आणि कुठलीही जाहिरात ते सांगत नाही. म्हणून सुरुवातीचा महिना निवडून घ्या. कापूस वेचणीच्या दिवसांत सुरू करू नका, घरात लग्न असेल तर त्यानंतर करा. आणि पंधरा मिनिटं एकट्या आईच्या माथी मारू नका. बापानं चार दिवस घेतले तर मुलाला कळतं की नियम घराचा आहे, आईचा नाही.

आजी-आबाजींचं काय? आई मोबाईल देत नाही, आजी पदराआड देते. यावरून किती घरांत सासू-सुनांची भांडणं होतात ते मला वेगळं सांगायला नको. आमच्या घरी तिसरं सत्र सासूबाईंच्या नावानं झालं. बाईंनी त्यांना काही शिकवलं नाही. आधी विचारलं, की तुमची मुलं लहान असताना हट्ट करायची तेव्हा तुम्ही काय करायच्या? सासूबाई वीस मिनिटं बोलल्या. त्यानंतर त्यांनी स्वतःच सांगितलं, ‘मी त्याले मोबाईल देणार नाही, गोष्ट सांगन.’ फी तेवढीच लागली, आणि दहापैकी सगळ्यात उपयोगी पडलं ते हेच सत्र. पॅकेजात घरातल्या मोठ्यांसाठी एक सत्र असू द्या.

आता ज्या आठवड्यासाठी खरे पैसे मोजायचे त्याबद्दल. दुर्लक्ष करायला सुरुवात केली की मुलाचं वागणं आधी बिघडतं. जे किंचाळून मिळायचं ते मिळेना म्हटल्यावर ते जास्त जोरात, जास्त वेळ किंचाळतं. माझा धाकटा चौथ्या आठवड्यात एकदा पन्नास मिनिटं दाराला लाथा मारत होता. वरच्या मजल्यावरून लोक खाली आले. त्या क्षणी मी मोबाईल दिला असता तर पन्नास मिनिटांनंतर मिळतो हे तो शिकला असता, आणि आधीपेक्षा वाईट झालं असतं. व्हिडिओ पाहून करणारे बहुतेक पालक याच ठिकाणी ‘हे आमच्या लेकराला लागू पडत नाही’ म्हणून सोडतात. मी सोडलं नाही, कारण आदल्याच सत्रात बाईंनी बजावलं होतं, की या आठवड्यात असं होईल, झालं तर मला संदेश करा. मी केला. उत्तर आलं: ‘तो सुरक्षित आहे ना? मग तुम्ही भाजी चिरत राहा.’ ते एक वाक्य मला 900 रुपयांना पडलं आणि स्वस्त पडलं.

म्हणून ठरवताना विचारा, की दोन सत्रांच्या मध्ये अडलं तर संदेशाला उत्तर मिळेल का, किती वेळात, आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का.

फोन पुरत नाही तेव्हा

मूल स्वतःला इजा करत असेल, आगीशी-चाकूशी खेळत असेल, जनावरांना मुद्दाम दुखवत असेल, येत असलेलं बोलणं अचानक गेलं असेल, फिट येत असेल, तर रुग्णालय. घरात दारू आणि मारहाण असेल तर हट्ट कमी करायचं प्रशिक्षण त्या मुलावर अन्याय आहे. आधी मारहाण थांबायला हवी. कोणी मुलाशी वाईट वागल्याचा संशय असेल तर 1098, मुलांसाठीचा नंबर, चोवीस तास. शाळेत मारत असतील तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षेला बंदी आहे, हे मुख्याध्यापकांना आठवण करून द्यायला लाजू नका. आणि आईला स्वतःला झोप नाही, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही, असं असेल तर आधी आईचा उपचार. तिचा फोनही 14416 वरच लागतो.

काही परत मिळतं का

साध्या हट्टाच्या सत्रांचे पैसे विम्यातून फारसे मिळत नाहीत. पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्चाचं कलम असेल तरच. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा, असं 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा म्हणतो, म्हणून दावा नाकारला तर कारण लेखी मागा. तपासणीत ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता निघाली तर चित्र बदलतं. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामया’ योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य संरक्षण आहे. दिव्यांग प्रमाणपत्र 40 टक्के किंवा अधिकचं असेल तर आयकराच्या जुन्या पद्धतीत 75 हजारांची, आणि 80 टक्के किंवा अधिकचं असेल तर 1 लाख 25 हजारांची वजावट मिळते. शिक्का बसेल म्हणून प्रमाणपत्र टाळणारे आई-बाबा मी पाहिलेत. त्यांची भीती मला समजते. पण त्या कागदावाचून मुलाचा हक्काचा पैसा जातो.

फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथं सुटलं नाही तर वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. 2019 च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथंच ती दाखल होते, कंपनी बंगळुरूची असली तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून साडेनऊ हजारांवर मी पाणी सोडलं. तुम्ही सोडू नका. पावती आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

शेवटचं, सत्रांच्या तारखांबद्दल. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो, मुलं दिवसभर घरात, आणि मोबाईल पुन्हा हातात येतो. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि पहिल्या आठवड्यात जुना हट्ट बहुतेक घरांत एकदा तोंड वर काढतो. तीन महिन्यांनंतरचं आठवणीचं सत्र कॅलेंडर बघून त्याच आठवड्यात लावून घ्या, आणि त्याचे 900 रुपये मे महिन्यातच बाजूला काढून ठेवा.